शेवटची ओळ उद्या

विश्वास ठेवा किंवा नका ठेवू, पण यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही. हे माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलं, आणि तेही मध्यरात्री वगैरे नाही.

संध्याकाळी. समोरच्या इमारतीत दिवे लागायला सुरुवात होते ना, त्या वेळेला.

दुसऱ्या मजल्यावरची मागची खोली. एका भिंतीला मावशीचं शिलाई मशीन, दुसऱ्या भिंतीला लाकडी बाक, आणि बाकावर काकांची गिटार.

काका जुनी लोकगीतं वाजवायचे. वायर नाही, स्पीकर नाही. नुसतं लाकूड, तारा आणि बोटं. उजव्या हाताचा अंगठा जाड तारांवर एका लयीत चालत राहायचा आणि बाकीची बोटं बारीक तारांवर गाणं बोलायची. डोळे मिटून ऐकलं तर वाटायचं, दोघं जण वाजवतायत.

"अंगठा म्हणजे मी," काका सगळ्यांदेखत म्हणायचे. "मुकाट चालणारा. आणि बोटं म्हणजे तुमची मावशी. तोंडाला विश्रांती म्हणून नाही."

बोटं नसती तर अंगठ्याला कुत्र्यानंही विचारलं नसतं, असं मावशी मशीनवरून मान वर न करताच सुनवायची.

काकांची एक खोड होती. घरी वाजवताना ते गाण्याची शेवटची ओळ कधीच वाजवायचे नाहीत. त्यांच्या गुरूंनी लावलेली सवय. गाणं तोंडाशी आणून सोडायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी वाद्याला हात लावावाच लागतो. ती ओळ आली की ते तारांवर तळवा ठेवायचे.

"बाकी उद्या."

मग त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. उजवा हात मांडीवर ठेवला की तिथंच पडून राहायचा. मावशीच तो उचलून इकडचा तिकडे करायची.

काका दिवसभर गिटारकडे बघत बसायचे, आणि मावशीला ते बघवत नव्हतं. एका संध्याकाळी ती त्यांच्या उजवीकडे येऊन बसली. गिटारचं पोट स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि दांडी त्यांच्या डाव्या हातात दिली.

"दाबा तुम्ही," ती म्हणाली. "छेडते मी."

सुरुवातीला नुसता गोंगाट. शेजारच्यांनी दार लावून घेतलं. पण मावशीचा जन्म मशीनवर गेलेला, लय तिच्या अंगात मुरलेली होती. हळूहळू दोघं मिळून एक गाणं वाजवायला लागले. एकच. डावा हात त्यांचा, उजवा तिचा. शेवटची ओळ आली की काकांचा डावा तळवा तारांवर यायचा. त्यांना बोलता येत नव्हतं, तरी मावशीला ऐकू यायचं.

असाच एका संध्याकाळी त्यांनी तळवा ठेवला, आणि पहाटे ते गेले.

माणसं आली, गेली. काकांचा एक जुना मित्र होता, गिटारी दुरुस्त करणारा. हात सदा चिकट, म्हणून सगळे त्याला डिंक म्हणायचे. त्यानं गिटारला नव्या कोऱ्या तारा लावल्या आणि रडत जिना उतरून गेला.

घर रिकामं झाल्यावर मावशी बाकावर बसली. सवयीनं डावीकडे जागा सोडून. दांडी तिनं उशीवर टेकवली आणि मोकळ्या तारा छेडल्या. डाव्या हाताचं काम तिला कधीच येत नव्हतं. आवाज नुसता पोकळ निघत होता, गाणं कुठंच नव्हतं. तरी ती छेडत राहिली, कारण थांबलं की घर फार गप्प व्हायचं.

आणि मग...

सूर बदलला.

मावशीनं दांडीकडे पाहिलं. कुणी नव्हतं. पण तारा... एकेक करून दांडीला टेकत होत्या. दाबल्यासारख्या.

गाणं सुरू झालं होतं.

तिला भीती नाही वाटली. तिनंच मला सांगितलं. उलट इतके दिवस कुठं होतात म्हणून राग आला आणि मग ती पोटभर रडली. शेवटच्या ओळीपाशी तारा अचानक मुक्या झाल्या.

मग रोजच. ती संध्याकाळी गिऱ्हाईक घेईनाशी झाली. आमच्याकडे येईनाशी झाली. आईला वाटायचं, बहीण दुःखानं खचलीय. मावशी मात्र संध्याकाळची वाट बघत जगत होती.

पण पुढं पुढं गाणं बिघडायला लागलं. तारा नीट दाबल्या जाईनात. खरखर यायला लागली. आणि एका संध्याकाळी तिला डावीकडून ऐकू आलं...

धाप.

दम लागलेल्या माणसाची. लांबून चालत आल्यासारखी. दुसऱ्या दिवशी जास्त. तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त.

मावशीच्या लक्षात आलं. ते लांबून येत होते. रोज आणखी लांबून. आणि आपण त्यांना यायला लावतोय.

तिनं डिंकला बोलावलं. त्यानं तारांच्या खालून बोट फिरवलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"वहिनी, तारांना खालून चरे पडलेत. दांडीवरच्या पट्ट्यांवर दाबल्याशिवाय असे पडत नाहीत. डावा हात शिकलात का?"

मावशीनं नाही म्हणून मान हलवली आणि सगळं सांगून टाकलं. त्यानं गिटार अलगद बाकावर ठेवली.

"त्याचं गाणं अर्धं राहिलंय," तो म्हणाला. "म्हणून येतोय. पुरं करा, वहिनी. जाऊ दे त्याला."

ती रात्र मावशीनं टक्क डोळ्यांनी काढली. गाणं पुरं केलं तर नवरा कायमचा जाणार. नाही केलं तर तो असाच धापा टाकत येत राहणार. सकाळपर्यंत तिचं ठरलं.

संध्याकाळी ती बाकावर बसली. समोर दिवे लागले. गाणं सुरू झालं. धाप इतकी वाढली होती की तिला स्वतःचा अंगठा ऐकू येईना. शेवटची ओळ आली आणि तारा मुक्या झाल्या.

मावशी थांबली नाही. तारांतून नुसतं थप... थप... येत राहिलं.

"उचला हात," ती म्हणाली. "दमलात तुम्ही. आज पुरं करू."

खूप वेळ काही झालं नाही.

मग हळूच... तारा मोकळ्या झाल्या.

शेवटची ओळ त्या खोलीत पहिल्यांदाच वाजली. मावशीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात चुकला नाही. एकच सूर उरला. जाड तारेवरचा, अंगठ्याचा. तिनं अंगठा तारेवर टेकवला...

आणि तिचं मनगट कुणीतरी धरलं.

हात गार होता. वजन ओळखीचं होतं. तोच उजवा हात, जो ती रोज उचलून इकडचा तिकडे करायची. ज्यानं आजारपणात एक बोटसुद्धा हलवलं नव्हतं.

आता तो घट्ट धरत होता.

तो सूर अजून वाजलेला नाही.

मागच्या आठवड्यात मी मावशीला आणायला गेले होते. तिच्या मनगटावर चार बोटांचे निळसर वळ आहेत. चल आमच्याकडे, म्हणून मी किती विनवलं. ती हसली.

"मी सोडत होते गं त्यांना," ती म्हणाली. "त्यांनीच नाही सोडलं."

काकांची धाप आता थांबलीय, म्हणाली. गाणंही स्वच्छ वाजतं, पहिल्यासारखं. एवढं सांगताना ती मध्येमध्ये थांबत होती. मी विचारलं, जिना चढलीस का आत्ता? नाही, म्हणाली. सकाळपासून बसूनच आहे.

तेव्हापासून मी रोज संध्याकाळनंतर तिला फोन करते. ती उचलते. पण आधी काही बोलत नाही. नुसती धाप ऐकू येते, लांबून आल्यासारखी. रोज थोडी जास्त.

मग दोन शब्द बोलते आणि फोन ठेवताना म्हणते, "बाकी उद्या."