बेकार वासाचं कोडं

शेतघरात कसला तरी वास येत होता आणि तो ओळखू शकेल असं नाक तिथे एकच होतं: दहा वर्षांच्या स्वानंदीचं!

चंद्रावरच्या त्या वसाहतीत भाज्या मातीत नव्हे, तर खत मिसळलेल्या पाण्यात वाढत. शेतघर सांभाळणारी तिची शास्त्रज्ञ आत्या सर्दीने पार बेजार झाली होती. मदतनीस यंत्रमानव टिकोजी याचा गंधसंवेदक (वास ओळखणारं उपकरण) बिघडला होता आणि नवा पृथ्वीवरून यायचा होता.

दार जरासं किलकिलं करून आत्याने विचारलं, "कसा वास येतोय गं?"

"बेकार!"

टिकोजीचे दिवे लुकलुकले. "म्हणजे कोणता? सकाळी तू उपमा बेकार म्हणालीस. मग गणित बेकार. मग माझं गाणं बेकार."

"ते आहेच बेकार!"

"असेल. पण शेतघरात माझ्या गाण्याचा वास येत नसणार."

आत्याला हसू आलं, पण ती लगेच गंभीर झाली. "हे बघ, तारा जळत असतील तर वीज तोडायला हवी. गारवा राखणाऱ्या नळीतून अमोनिया (नाकाला झोंबणारा विषारी वायू) गळत असेल, तर इथून आधी पळायला हवं. आणि मुळं कुजत असतील, तर पाण्यात हवा सोडणारा पंप अडकलाय. तो चालायला वीज हवीच. काहीच कळलं नाही, तर नियमाप्रमाणे मला वीज तोडावी लागेल. मग टोमॅटो गेलेच म्हणून समज."

स्वानंदीने दाराच्या फटीतून रोपांकडे पाहिलं. ती रोपं तिने स्वतः लावली होती. एका टोमॅटोला कालच लाली चढली होती.

"पण मला बेकारच वाटतोय," ती रडवेली होऊन म्हणाली.

"रडू नकोस," टिकोजी म्हणाला. "ऐकल्यावर शक्यता कमी होतात ना, त्याला माहिती म्हणतात. 'बेकार' ऐकण्याआधी तीन शक्यता होत्या, ऐकल्यावरही तीनच. जो शब्द सगळ्यालाच चालतो, तो नेमकं काहीच सांगत नाही. दुसरा शब्द शोध."

स्वानंदीने डोळे मिटले आणि हलकेच हुंगलं.

"नाकाला झोंबत नाहीये."

"शाब्बास! अमोनिया गेला. उरल्या दोन."

"जळकट नाही. पोळी करपते तसाही नाही. काहीतरी ओलसर... कुबट? छे, तो न वाळलेल्या कपड्यांना येतो. आत्या, तू फुलदाणीतलं पाणी बदलायला विसरली होतीस ना, तसा. कुजकट! कुजकट वास आहे!"

"पंप!" आत्या ओरडली आणि आत धावली. चंद्रावर धावायचं म्हणजे लांब लांब उड्याच!

पंपाच्या तोंडात मुळांचा गुंता अडकला होता. टिकोजीने तो चिमट्याने ओढून काढला. पाण्यात बुडबुडे उसळले.

"मुळांनाही श्वास लागतो," आत्या म्हणाली. "थोडी बुळबुळीत झालीत, पण बाकीची पांढरी आहेत. वाचतील."

स्वानंदीचा जीव भांड्यात पडला. "मग मी 'बेकार' म्हणायचंच नाही का?"

"म्हण की!" आत्या म्हणाली. "पण तो एकच शब्द घेऊन सगळीकडे जाऊ नकोस."

जेवणाआधी बाहेरून आलेल्या गाडीच्या चाकांना चंद्राची धूळ चिकटली होती. स्वानंदीने ती हुंगून पाहिली.

"फटाके वाजून गेल्यावर येतो तसा. पण अगदी तसा नाही. आत्या, याला काय म्हणतात?"

"मराठीत अजून शब्द नाही बाई. चंद्रावर राहायला आलेली आपण पहिलीच मराठी माणसं."

स्वानंदी विचारात पडली. जळकट, कुजकट, मळकट...

"चांदकट!" ती म्हणाली.

"चांदकट," टिकोजीने घोळवून म्हटलं. "या शब्दाला शक्यता एकच. नवं नाक आलं की सगळ्यात आधी मला हाच वास दे."