अण्णांना पाणी घालू नये

थेट ऊन सोसत नसे म्हणून दादाने अण्णांना पूर्वेच्या खिडकीपासून चार हात आत, झिरझिरीत पडद्याआड बसवलं होतं. शेजारी जाड पानांच्या पेपरोमियाची कुंडी होती. दोघांवर सारखीच धूळ होती. समोर टीव्ही कर्कश आवाजात चालू होता आणि घरात दुसरं कोणी नव्हतं.

शेजाऱ्यांकडच्या किल्लीने दार उघडून कुमुद आत आली, ती बघतच राहिली. तिने पदराने वडिलांचा चेहरा पुसला. कातडी जाड, गार, किंचित हिरवट, आणि पुसल्यावर चक्क चकाकणारी. अण्णांचे ओठ हलले. टीव्हीपुढे काही ऐकू आलं नाही.

संध्याकाळी दादा सहकुटुंब, बॅगा घेऊन महाबळेश्वरहून परतला.

"बाप आहे की शोभेचं झाड? आठ दिवस एकटं टाकलंत? आणि वर टीव्ही चालू ठेवलात!"

"अगं, महिन्यातून एकदा तर पाणी लागतं. माहितीपत्रकातच आहे, 'निश्चिंत प्रवास करा' म्हणून." टीव्ही मात्र त्याने बंद केला नाही.

साधी झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडून हवा घेतात आणि त्याच वाटेने पाणी गमावतात. मांसल पानांची झाडं बेरकी. ती रात्री छिद्रं उघडून हवा साठवतात आणि दिवसभर दारं लावून बसतात. 'पर्णायू' उपचाराने हाच गुण ऐंशी ओलांडलेल्या माणसांच्या कातडीत उतरवला. कातडीखाली पाणी धरून ठेवणाऱ्या पेशी वाढल्या. त्यांना रसपेशी म्हणत. हृदय मंदावलं, पोट जवळपास बंद झालं. डायपर नको, आया नको, आणि मरण तर कुठल्या कुठे लांबलं. म्हातारपणाचा प्रश्न सुटला, असं मुलांनी एकमुखाने जाहीर केलं. म्हाताऱ्यांना विचारायचं राहून गेलं, कारण त्यांना एक शब्द बोलायला फार वेळ लागे.

कुमुद अण्णांना कोल्हापूरला घेऊन निघाली. गाडीत अण्णांना पट्टा बांधताना दादा एवढंच म्हणाला, "लाड करू नकोस. ही माणसं लाडाने मरतात."

गाडीत शांतता होती. तेव्हा तिला ते ऐकू आलं.

"कुमे... पाणी."

कोल्हापुरात अण्णांना बघायला गल्ली लोटली. मावशी आली, भजनी मंडळ आलं. जाणाऱ्याच्या मुखी पाणी घालण्याचं पुण्य मोठं. हा माणूस काही इतक्यात जायचा नाही म्हटल्यावर, ते आगाऊच उरकून घ्यावं असं ज्याला त्याला वाटलं. कुमुद चहा टाकायला वळली की पाहुणा म्हणे, "एकच चमचा हं, अण्णा." शिवाय कुमुदची स्वतःची रोज सकाळची एक वाटी होतीच. बापाला पाणी पाजायचं नाही तर लेकीने करायचं काय? प्रत्येक घोटाला अण्णांचे डोळे भरून येत.

मग त्यांचे पाय तपकिरी झाले. वास येऊ लागला.

पर्णायूच्या डॉक्टर इरावती सोमण आल्या. त्यांनी अण्णांच्या टाचेवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला.

"पाणी घातलंत."

"मागत होते हो."

"मागणारच."

"म्हणजे?"

"तहान मेंदूत असते, कुमुदताई. आम्ही कातडी बदलली, पोट बदललं. मेंदूला हात लावायची परवानगी नाही. मग तो माणूस राहिला नाही, असं कोर्ट म्हणतं. पाण्याची गरज गेली. तहान जागच्या जागी आहे."

"सतत?"

"तशी तक्रार फारशी येत नाही." डॉक्टरांनी पिशवीतून सुरी काढली. "आवाज क्षीण असतो ना त्यांचा."

सडलेला भाग घोट्याच्या वर कापून टाकला, कापल्या जागी बुरशी धरू नये म्हणून, कलमांना लावतात तशी, दालचिनीची पूड लावली. अण्णा वीतभर बुटके झाले.

"आता जखम सुकेपर्यंत एक थेंब नको. पुढेही महिन्याला एकदाच. नीट ठेवलंत तर आणखी शंभर वर्षं सहज."

"आणि आज दिलं तर?"

"आठवड्यात संपतील. मात्र समाधानाने." त्यांनी सुरी पुसली. "लोक सहसा शंभर वर्षं निवडतात. बाप मारला असं कोणाला म्हणवून घ्यायचं नसतं."

डॉक्टर गेल्या. खिडकीशी अण्णांचे ओठ उघडले.

"कुमे... पाणी."

ती तांब्या घेऊन आली. त्यांच्या ओठांपर्यंत नेला. अण्णांनी डोळे मिटून मान पुढे काढली. तेवढ्यालाही त्यांना मिनिटभर लागलं. त्या मिनिटभरात तिला गल्ली आठवली, मावशी आठवली, दादा आठवला. ती मागे सरली, स्वयंपाकघरात गेली आणि पाठ करून तांब्यातलं पाणी स्वतःच प्यायली.

"कुमे... पाणी."

स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. आतल्या खोलीत दार लावूनही ऐकू येत होतं. तिने दादाला फोन लावला.

"दादा, तू टीव्हीवर कोणतं चॅनल लावायचास रे?"



"आधी गाण्यांचं लावत होतो," दादा म्हणाला. "पण दोन गाण्यांच्या मध्ये ऐकू यायचं. तू बातम्यांचं लाव. ते लोक मध्ये श्वास घेत नाहीत."