दुसऱ्या पोपटाच्या फुल्या

१९ एप्रिल २०२३, बुधवार. दुपारी ४१ अंश. आभाळ आलेलं, वारा अजिबात नाही.

परभणीत माझं फ्रेमचं दुकान आहे. जुन्या रुखवतातली भरतकामाची चित्रं लोक माझ्याकडे दाखवायला आणतात. काम किती जुनं, कुणाच्या हातचं, किती मोलाचं, हे मी बघून बघूनच शिकले. पुढून चित्र दिसतं. माणूस कळतो तो मागून, गाठी आणि दोऱ्यांची टोकं पाहून. म्हणून कुठलीही फ्रेम मी आधी पालथी घालते.

त्या दुपारी पाथरीच्या चन्नबसम्मा आल्या. ऐंशीच्या घरातल्या. सोबत मुलगा शिवकांत. जुन्या लुगड्यात गुंडाळलेली फ्रेम त्यांनी काउंटरवर ठेवली. मॅटीच्या कापडावर फुलीच्या टाक्यात भरलेले दोन पोपट, एक हिरवा आणि एक काळा-पांढरा. खाली नाव, महेश्वरी.

"किंमत नको मला," त्या म्हणाल्या. "हात कुणाचा, तेवढं सांग."

"चौतीस वर्षं झाली, आई तेच धरून बसलीय," शिवकांत म्हणाला. "सांगून टाका ताई कायतरी, म्हंजे आमी मोकळे."

"तू गप. तुला लय घाई मोकळं व्हायची."

महेश्वरी ही त्यांची लेक. १९८९ च्या मे महिन्यात बोरीला दिली. नवव्या दिवशी विहिरीत पडली असा निरोप आला, आणि ही माणसं पोचायच्या आत सासरच्यांनी माती दिली होती. माहेरच्या कुणीच तोंड पाहिलं नाही. गेल्या महिन्यात ते घर पाडलं, तेव्हा भिंतीवरची ही फ्रेम शेजाऱ्यांनी आणून दिली.

"रुखवतात मांडली तवा एकच पोपट भरला होता," चन्नबसम्मा म्हणाल्या. "दुसरा नुसता पेन्सिलीचा. असा एक पोपट भरायला तिला तीन महिने लागायचे. नऊ दिसांत कसा भरल? जिती हाय ती, बाई. तुझ्याच वयाची असल आता. तुझ्यासारखी मेंदी लावत असल केसाला."

मी फ्रेम पालथी घातली. मागे लग्नाच्या आदल्या आठवड्याचं वर्तमानपत्र चिकटवलेलं होतं. खळ वाळून दगड झालेली. चारही बाजूंचे खिळे गंजून लाकडात रुतले होते. लग्नानंतर ही फ्रेम कुणी उघडलेलीच नव्हती.

खिळे काढायला अर्धा तास गेला. कागद निघाला तसा विहिरीच्या तळातल्या गाळाचा वास आला. बाहेर अंधारून आलं होतं. मी बल्ब लावला आणि भिंग धरलं.

हिरव्या पोपटाच्या प्रत्येक फुलीचा वरचा टाका डावीकडे झुकलेला होता. डावरा हात. दुसऱ्या पोपटाचाही तसाच. पण तो दोरा नव्हता. ते केस होते. पायाशी काळेभोर, छातीशी करडे, डोक्याशी पांढरे. फक्त डोळ्याच्या बारा फुल्या भरायच्या राहिल्या होत्या.

"बंद फ्रेममधी... असं कसं, ताई..." शिवकांत मागे सरकला.

"हात महेश्वरीचाच आहे," मी म्हणाले.

चन्नबसम्मा पांढऱ्या फुल्यांवरून बोट फिरवत राहिल्या. जिती की मेली, हे त्यांनी मग विचारलंच नाही.

"डोळा भरला की ती थांबल," त्या हळूच म्हणाल्या. "उसव थोडं."

जुनं काम मी कधी उसवत नाही. एक फुली गेली तरी मोल जातं. तसं सांगितलं, तर त्यांनी वाकून माझे पाय धरले.

"मोल घिऊन काय करू? भरू दे तिला... भरत बसू दे..."

त्यांचे हात सुटेनात. शेवटी मी डोक्याकडच्या चाळीस फुल्या मोजून उसवल्या. पस्तीसाव्या फुलीचा केस सुटेना. सुईने ओढला, तर तो मागून ओढला गेला. कापडामागे काचेचं टेबल होतं, दुसरं काही नव्हतं. मी थांबले. मग तो आपोआप सैल झाला. निघालेले सगळे केस पुडीत बांधून चन्नबसम्मांच्या हातात दिले. नवे खिळे ठोकले, पाठीला नवा कागद लावला. खळ वाळेपर्यंत फ्रेम माझ्याकडेच ठेवली.

२६ एप्रिल, बुधवार. सकाळी २६ अंश. हलका पाऊस.

पाठीचा कागद अखंड. खिळे जागच्या जागी. चाळीसच्या चाळीस फुल्या भरलेल्या. वरचा टाका डावीकडे. केस माझ्यासारखेच मेंदीच्या रंगाचे, मुळाशी बोटभर पांढरे. डोळ्याच्या बारा बाकी. चन्नबसम्मा अकरा वाजता येऊन पाहून गेल्या. दर बुधवारी चाळीस उसवायच्या ठरल्या.