आईच्या पोटातला दाब

ऑपरेशन झालं पोटाचं, मग आईला धाप का लागत होती? छातीला तर कुणी बोटही लावलं नव्हतं! सांगलीच्या दवाखान्यात त्या दुपारी हे कोडं मला पडलं आणि ते सोडवलंही मीच. उगाच लाजायचं कशाला?

माझी आई, वैजयंता पाटोळे, वेटलिफ्टर आहे. राज्याचं सुवर्णपदक आहे तिच्याकडे! पण माझे जुळे भाऊ झाले आणि तिच्या पोटाचे पुढचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून फाकले. बार उचलायला गेली की पोट पुढे यायचं आणि कंबर धरायची. "पुन्हा उचलताच आला नाही, तर मी कोण गं?" असं ती एकदा मला म्हणाली. म्हणून हे ऑपरेशन. डॉक्टरांनी ते स्नायू शिवून जवळ आणले आणि सैल पडलेली कातडी काढून टाकली.

आईच्या उशाशी दाबोजी उभा होता. दाबोजी हा तिथला यंत्रमानव. आईच्या मूत्राशयात (लघवी साठते त्या पिशवीत) घातलेल्या बारीक नळीवरून तो पोटातला दाब मोजायचा. सकाळी त्याच्या पडद्यावर आठचा आकडा होता. दुपारी आत्या भेटून गेली आणि थोड्या वेळानं पाहते तर चौदा! आई तुकड्यातुकड्यानं श्वास घेत होती.

"डॉक्टरांना बोलावलंय मी," दाबोजी म्हणाला.

"पण असं का होतंय?"

"तुझ्या मोठ्या उशीला बाळाच्या उशीचा अभ्रा चढवलास तर?"

"ठासून बसेल. दगडासारखी होईल."

"पोट ही बंद पिशवीच आहे. आतडी तेवढीच, पिशवी मात्र आवळली. दाब थोडा वाढणारच. ऑपरेशन चालू होतं तेव्हाही टाके ओढले, तसा श्वासाच्या यंत्राला जास्त जोर लागायला लागला. तो बघूनच डॉक्टरांनी बेतानं ओढलं."

"आणि धाप?"

"छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल (स्नायूंचा पडदा) असतं. श्वास घेताना ते खाली सरकतं. खाली जागाच नसली तर?"

"मग फुप्फुसं फुलणार कशी!" मी ओरडले. "पण थांब. सकाळीही पिशवी एवढीच होती ना? मग आत्ता कुणी आवळली?"

ते काही दाबोजीला ठाऊक नव्हतं. मी आईकडे निरखून पाहिलं, तर चादरीखालून हिरवा काठ डोकावत होता. आत्याचं मऊ लुगडं!

डॉक्टर सोनवणे धावत आल्या, तसा मी तो काठ दाखवला. त्यांनी चादर बाजूला केली. ऑपरेशननंतर दवाखान्यानं पोटाला बांधलेल्या पट्ट्यावरून आत्यानं लुगडं गच्च गुंडाळलं होतं, बाळंतिणीचं पोट बांधतात तसं. आमच्या घरातल्या सगळ्या बाळंतिणी तिच्याच हातच्या. पोट सैल ठेवलं की वारा शिरतो, असं तिचं ठाम मत! आणि आई तरी काय कमी? "बांधा वन्सं, कचकून," असं तीच म्हणाली होती. वेटलिफ्टर ना, पट्टा आवळल्याशिवाय तिला बळच वाटत नाही.

डॉक्टरांनी लुगडं सोडलं. चौदा, बारा, नऊ. आईनं लांब श्वास घेतला.

"पट्टा आधारापुरता असतो," डॉक्टर म्हणाल्या. "दाब फार वाढला तर पायांकडून वर येणारं रक्तही अडतं. काही दिवसांत पोट नव्या मापाला सरावेल आणि दाब उतरेल. शाब्बास गं पोरी!"

आत्या परत आली आणि हे ऐकून रडकुंडीला आली. आई म्हणाली, "असू द्या वन्सं, घोळ दोघींचा आहे."

मग आत्यानं आणि मी मिळून एक पट्टा करायला घेतला. शिवण तिची, आतली दाब ओळखणारी पट्टी दाबोजीची आणि डोकं माझं. दाब वाढला की तो आपोआप सैल होतो. अजून अधूनमधून रुसतो, पण एक दिवस प्रत्येक दवाखान्यात असेल, बघाच.

कित्येक महिन्यांनी डॉक्टरांनी परवानगी दिली आणि आई व्यायामशाळेत बारपुढे उभी राहिली. गंमत बघा, वजन उचलताना ती श्वास कोंडून पोटातला दाब मुद्दाम वाढवते. त्यावरच तिच्या कण्याला आधार मिळतो. दाब वाईट नसतोच, तो कधी आणि किती हवा हे कळायला हवं.

आईनं तिचा जुना कातडी पट्टा कमरेला लावला आणि त्याचं टोक माझ्या हातात दिलं. "किती आवळायचा, तू सांग."

शेजारी आत्या दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी होती. मी पट्टा ओढला, आत बोट जातंय ना ते पाहिलं आणि मान हलवली. आईनं श्वास भरला. बार गुडघ्यांवरून खांद्यावर आला, क्षणभर थांबला आणि थेट डोक्यावर गेला!

"आमची वहिनी!" आत्या ओरडली.

"माझी आई!" मी तिच्याहून मोठ्यानं ओरडले.