शून्य पत्त्यावरचे ठोके

ही घटना खरी आहे. कुणाला हसायचं तर हसू दे. जिच्यावर ती गुदरली ती नत्ताबी आजही हे सांगताना मध्येच मागे वळून पाहते, एवढा पुरावा मला पुरे.

जागा कंपालातली, न्टिंडा भागातल्या एका लहान कंपनीची कचेरी. रविवारची टळटळीत दुपार. वीज गेलेली. खालच्या चर्चमधलं गाणंही थांबलेलं.

नत्ताबीसमोर नवजात बाळांच्या हृदयाचे ठोके दाखवणारं यंत्र होतं. त्याच्या आतली संगणक प्रणाली ही कंपनीच लिहायची, आणि नत्ताबी तिथे प्रोग्रामर होती. तिची बहीण नस्सोझी हिचं अपुऱ्या दिवसांचं बाळ इस्पितळात होतं. त्याच्या उशाशी असंच यंत्र होतं... आणि आदल्या दिवशी ते चालता चालता बंद पडलं होतं.

नर्स शेजारी होती म्हणून निभावलं.

सोमवारी सकाळी दुरुस्त प्रणाली तिथे पोचायलाच हवी होती.

बिघाड समजायला अवघड नाही. यंत्राची मेमरी म्हणजे कप्प्यांचं मोठं कपाट धरा. कुठली वस्तू कुठल्या कप्प्यात, तो पत्ता एका चिठ्ठीवर असतो. कप्पा मोकळा करून परत दिला, की चिठ्ठीवर शून्य लिहायचं. शून्य म्हणजे तिथे कुणी राहत नाही. तरीही कुणी त्या पत्त्यावर जाऊन वस्तू मागितली, की सगळं यंत्र जागीच थांबतं. नत्ताबीच्या कामातली मंडळी याला नल पॉइंटर म्हणतात.

शून्याच्या दारात कोण जातंय, तेच सापडत नव्हतं.

मेमरीचा हा भाग लिहिलेला ज्येष्ठ सहकारी सालोंगोंनी. तिकडे जुळ्यांच्या वडिलांना सालोंगो म्हणतात, म्हणून सगळे त्यांना याच नावाने हाक मारत. त्यांच्या होकाराशिवाय त्यांच्या भागातली एक ओळही बदलायची नाही, असा तिथला रिवाज. नकार असला की ते बोलत नसत. टेबलावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करत.

पण ईस्टरच्या सुमारास सालोंगो हृदयविकाराने गेले. गावी वारस बसवण्याचा विधी व्हायचा होता. तोवर कचेरीतही त्यांची खुर्ची कुणी घेतली नव्हती.

"अगं, शून्य आलं तर पुढे जा, एवढी एक ओळ टाक," सोबतीचा मुगेर्वा म्हणाला. "मघाचा आकडा राहू दे पडद्यावर. पापणी लवेपर्यंत नवा येतोच."

"सालोंगोंनी कान उपटले असते तुझे."

"आता विचारायला कबरीत जातेस का? टाक ओळ. मी खालून चपाती-अंड्याचं रोलेक्स आणतो. अंडं जास्त सांगू ना?"

तो गेला. नत्ताबीने लॅपटॉपवर ओळ टाकली. बाळाच्या ठोक्यांची नक्कल करणारी पेटी तिने स्वतःच्या हाताने वायरींनी यंत्राला जोडली.

यंत्र बॅटरीवर सुरू झालं.

टिट... टिट... टिट...

बंद पडेना! तिने सुटकेचा निःश्वास टाकला.

आणि मागून आवाज आला...

टक. टक.

सालोंगोंच्या टेबलाकडून.

ती वळली. खुर्ची रिकामी. पंखा बंद. खिडकी बंद.

टक. टक.

ती उठली. धीर करून टेबलापाशी गेली.

पेटीच्या वायरी त्या टेबलावर होत्या. नीट गोल गुंडाळलेल्या, सालोंगो गुंडाळत तशा.

म्हणजे यंत्राला काहीच जोडलेलं नव्हतं.

तरी मागे... टिट... टिट...

तेव्हा तिला उमगलं. बाळाचं हृदय थांबलं असतं, तरी तिच्या त्या एका ओळीमुळे पडद्यावर जुनाच आकडा नाचत राहिला असता. कुणी धावलं नसतं.

तिने पडद्याकडे पाहिलं. तो जुना आकडाही नव्हता. पेटी तान्ह्या बाळाचे भराभर ठोके पाठवायची. हे ठोके संथ होते. अडखळत, मध्येच एक चुकवत.

मुगेर्वा दारात आला. "कुणाला जोडलंस गं हे?"

"कुणालाच नाही."

"चेष्टा नको. हे कुणा थकलेल्या माणसाचे..." तो थबकला. हातातली पुडी खाली ठेवून रिकाम्या खुर्चीसमोर गुडघ्यावर बसला. "चुकलो, सालोंगो. काढतो आम्ही ती ओळ."

नत्ताबीने ओळ पुसली.

ठोके थांबले. टकटकही.

मग दोघांनी मुळाशी जाऊन शोधलं. एकच कप्पा दोन कामं वापरत होती. पहिलं आटोपलं की कप्पा परत जायचा, दुसरं अजून वाचत असायचं. किती जण वापरताहेत ते आता मोजायचं, आणि शेवटचा निघाला की मगच कप्पा सोडायचा. पुन्हा पेटी जोडून यंत्र लावलं. चालू असताना वायर ओढली. धोक्याची घंटा खणखणली.

सोमवारी नवी प्रणाली इस्पितळात बसली.

"आता भरवसा ठेवू ना, ताई?" नस्सोझीने विचारलं.

"ठेव."

पडद्यावर आकडे भराभर, सरळ चालले होते. नत्ताबीने काचपेटीच्या खिडकीतून हात आत घातला आणि बाळाच्या छातीवर ठेवला. तळव्याखाली इवलीशी धडधड लागली. पडद्याशी तंतोतंत जुळत होती.

नर्स म्हणाली, "झालं ना समाधान? काढा आता हात."

नत्ताबीने मान डोलावली.

हात मात्र तिच्याने काढवेना.