सरकीच्या ढिगावरून गुलमर्ग

भुजंगाची आणि तिची पहिली भेट झाली, तेव्हा मनकर्णा कापसाच्या ढिगात गळ्यापर्यंत रुतलेली होती.

"बाई, काय करायलात तुमी?" त्यानं खालून विचारलं.

"घसरायलेय," ती म्हणाली. दुसरं काय सांगणार!

"घसरायलात? मला तर बुडायलात असं दिसायलंय."

तिच्या कॉलेजच्या एन. सी. सी.ला फेब्रुवारीतल्या गुलमर्गच्या शिबिरासाठी एक जागा आली होती आणि ती तिनं परेडच्या मैदानावर घाम गाळून मिळवली होती. बर्फाच्या डोंगरावरून पायाला लांब पट्ट्या बांधून घसरायला शिकायचं. पण असा बर्फ तिनं काय, परभणीत तिच्या ओळखीच्या कुणीच पाहिला नव्हता. पांढरं, मऊ आणि उतरतं, एवढंच तिला बर्फाबद्दल ठाऊक होतं, आणि त्या डिसेंबरात या वर्णनाला बसणारी गोष्ट गावात एकच होती. जिनिंगच्या कारखान्याच्या आवारातले कापसाचे ढीग. मग काय, 'कॉलेजचं काम आहे' म्हणून फाटकातून आत आली, कॅनव्हासच्या बुटांना बांबूच्या दोन कामट्या बांधल्या आणि चढली वर. कापूस घसरू देत नाही, गिळतो, हे वर गेल्यावर कळलं.

भुजंगानं हात पुढं केला... मागं घेतला... आणि पुन्हा पुढं केला. ती बाहेर आल्यावर त्यानं नुसतं स्वतःच्या केसांकडं बोट दाखवलं. तिनं आपल्या केसांवरून हात फिरवला तर बोंडभर कापूस निघाला. कापूस निवडणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"सरकीवर करून बघा," तो म्हणाला. "तिच्यावर आमी चालताना बी पडतो."

हा मुलगा जिनिंगच्या वजनकाट्यावर कापसाच्या गाड्या तोलायचा. मूळचा बोरीचा, बी. कॉम. झालेला, बोलण्यात जरा आखडता. सरकीच्या, म्हणजे कापसाच्या बियांच्या, ढिगावर मात्र जमलं. म्हणजे ती धडपडली, पण घसरत घसरत धडपडली, आणि थेट त्याच्या चपलांपाशी येऊन थांबली.

"गुलमर्ग आलं का?" त्यानं विचारलं.

"अजून मनमाड बी न्हाई आलं."

त्यानंतर कॉलेज सुटलं की तिची पावलं जिनिंगकडं वळायची. भुजंग कुठून तरी रेल्वेचं वेळापत्रक घेऊन आला. परभणीहून मनमाड, मनमाडहून दिल्ली, दिल्लीहून जम्मू, पुढं बसनं श्रीनगर आणि तिथून वर. कुठं गाडी बदलायची, कुठं किती वेळ थांबायचं, हे तो अशा काळजीनं सांगायचा की जणू तिचं सामान त्यालाच उचलायचंय. कोणते मोजे, कसलं स्वेटर, यावर दोघांचे वाद व्हायचे. बर्फात चालेल असं स्वेटर दोघांपैकी एकाकडंही नव्हतं.

"थंडी सोसंल का तुमाला?" एक दिवस त्यानं विचारलं.

"काय माहीत? बर्फातली कधी वाजलीच न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यानं येलदरी धरणावरून मासळीच्या पेट्यांबरोबर आलेली बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून आणली. मनकर्णा अनवाणी त्यावर उभी राहिली. तळव्यातून कळ थेट डोक्यात गेली, पण उतरायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. तिचे ओठ घट्ट मिटलेले पाहून भुजंगानंही चपला काढल्या आणि लादीच्या दुसऱ्या टोकाला चढला.

"तुमी कामून?"

"एकटीनं कशाला गारठायचं..."

पायाखालचा पहिला बर्फ, आणि त्याला मासळीचा वास! दोघं तसेच कुडकुडत उभे होते, एकमेकांकडं बघायचं टाळत, आणि तिथंच मनकर्णाला कळलं की हा माणूस आपल्याला आवडतो. लय आवडतो.

जानेवारीत भगवानरावांनी तिला समोर बसवलं. तिचे वडील, शाळेत मास्तर. शिबिराच्या संमतिपत्रावर त्यांनी मोठ्या अभिमानानं सही केली होती.

"गुलमर्ग राहू दे आता, बाई," ते म्हणाले. "स्थळ आलंय. बोरीचं. मुलगा जिनिंगमधी काट्यावर हाय. रविवारी बघायला येतेत."

बोरीचा, काट्यावरचा म्हणजे भुजंगच, आणि तिला हसू आलं. मग पहिलं वाक्य आठवलं.

"पर गुलमर्ग कामून राहू द्यायचं?"

"बोलणं चालू असताना पोरगी इतक्या लांब धाडायची, आन् ती पाय मोडून आली, तर? त्यांना काय तोंड दाखवू मी?"

ती तडक काट्यावर गेली. रागानं तिचे कान तापले होते.

"मागणी घालायला कुणी सांगितलं होतं तुमाला?"

भुजंगाचा चेहरा पडला. "मी तर रीतीनं केलं. आईला सांगितलं, आईनं तुमच्या वडलांना. तुमच्याशी परस्पर बोललो असतो तर चावट म्हणाला असतात."

"म्हणले असते. पर गुलमर्गला गेले असते."

तिनं सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता वजनं इकडची तिकडं करत राहिला.

"मागणी परत घेऊ?" त्यानं हळूच विचारलं. "पर मंग लोक तुमच्यातच खोट काढतील..."

तिला 'घ्या' म्हणायचं होतं. पण गुलमर्ग हवं होतं आणि हा माणूसही हवा होता, आणि दोन्ही एकदम मिळायची काही चिन्हं नव्हती. ती तशीच घरी आली.

रविवारी भुजंग आणि त्याची आई चांगुणाबाई आले. जयभीम झाला, पोहे झाले. चांगुणाबाईंनी नाव विचारलं, शिक्षण विचारलं, मग म्हणाल्या, "जरा चालून दाखव पोरी."

मुलगी लंगडत तर नाही ना, हे बघायची रीतच ती. मनकर्णा उठली.

"राहू दे, आई," भुजंग म्हणाला.

सगळ्यांनी वळून त्याच्याकडं पाहिलं. बघायला आलेला मुलगा मान खाली घालून पोहे खातो, मध्ये बोलत नाही.

"आज तिचे पाय बघायचे न्हाईत," तो म्हणाला. मग तो भगवानरावांकडं वळला. "मास्तर, तुमी तिला गुलमर्गला धाडा. साखरपुडा ती आल्यावर करू. पाय मोडून आली तरी मी हिच्याशीच लगीन करणार. आईसमोर सांगायलोय, मंग कुणाला तोंड दाखवायची फिकीर तुमाला राहत न्हाई."

भगवानरावांनी चांगुणाबाईंकडं पाहिलं. त्या आपल्या मुलाकडं बघत होत्या. एवढं लांबलचक तो त्यांच्या देखत कधी बोलला नव्हता.

"माझ्या पोराचा शबूद म्हणजे माझाच," शेवटी त्या म्हणाल्या. "जाऊ द्या तिला. बस पोरी."

भगवानरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तिकिटाचं बघावं लागंल मग," ते म्हणाले.

मनकर्णा बसली नाही. रिकाम्या बश्या गोळा करायच्या निमित्तानं ती भुजंगापाशी वाकली.

"माझा होकार आत्ताच घ्या," ती पुटपुटली.

"घाई न्हाई. आल्यावर द्या की..."

"न्हाई. तिथं डोंगरावरनं घसरताना डोक्यात दुसरं काई नको मला."

"मंग द्या," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली, आणि त्याच्या हातातली बशी घेऊन आत गेली.