वाढणार नव्हे, वाढू शकतात

पाथर्डीहून नगरला निघालेली एसटी करंजीच्या घाटात शिरली. ज्ञानेश्वरीच्या शेजारचा तरुण फोनवर बोलत होता. "हो, गेल्या महिन्यातली ती माझीच बातमी. अमेरिकेत व्याजदर वाढणार, शेअर बाजार कोसळणार. दोन लाख लोकांनी उघडली."

तिची मान झटक्यात वळली.

"ती बातमी तुम्ही लिहिलीत?"

त्यानं फोन ठेवला. वाऱ्यानं तिची बट डोळ्यांवर आली होती, पण ती बाजूला करायचंही तिला भान नव्हतं.

"हो... मी अमृत. वाचलीत वाटतं?"

"माझ्या वडिलांनी वाचली. मी ज्ञानेश्वरी, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. माझ्या सांगण्यावरून त्यांनी निवृत्तीचे पैसे म्युच्युअल फंडात ठेवले होते. तुमची बातमी वाचली आणि दुसऱ्या दिवशी सगळे काढले."

"बाजार त्या दिवशी पडलाच होता की."

"कशानं पडला? तिथल्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख म्हणाले, महागाई घटली नाही तर दर वाढू शकतात. 'शकतात'. तुमच्यासारख्या जगभरच्या शंभर जणांनी 'वाढणार' लिहिलं. टोकियोपासून मुंबईपर्यंत सगळे घाबरून विकत सुटले. आठवड्यानं बँकेनं दर होते तेच ठेवले आणि बाजार पुन्हा वर. बाबा तेवढे बाहेर राहिले."

"'शकतात' म्हटलं की लोक बातमी उघडत नाहीत हो..." तो हसत म्हणाला, आणि तिचे डोळे पाहून त्याचं हसू ओसरलं.

"मी त्यांना थांबा म्हटलं होतं," ती दात आवळून म्हणाली. "त्यांनी माझ्यापेक्षा तुमचं खरं मानलं. आता महिना झाला, माझ्याशी बोलत नाहीत. तोंड दाखवायची लाज वाटते त्यांना."

भिंगारला ती उतरली. मागोमाग तोही.

"तुम्ही कुठं?"

"तुमच्या घरी."

"काही गरज नाही."

"तुम्हाला नसेल. मला आहे."

तिचे वडील, काकासाहेब, ओट्यावर बसले होते. कँटोन्मेंटच्या स्टोअरमध्ये तीस वर्षं काढलेला ताठ माणूस. अमृत समोर उभा राहिला.

"काका, ती बातमी मी लिहिली. त्या अमेरिकेतल्या बँकेचे साहेब 'वाढू शकतात' म्हणाले होते. मी 'वाढणार' केलं."

काकासाहेब सावकाश उठले. "पैशाचं सोड. तुज्यापायी मी माज्या पोरीला खोटी ठरवली. चालता हो हितनं."

अमृत निघाला. फाटकाशी थांबून त्यानं एकदा तिच्याकडं पाहिलं... त्या पाहण्याचाही तिला राग आला.

"ज्ञाने," मागून आवाज आला. "तुजंच बरोबर हुतं."

महिन्याभरानं त्यांनी तिला हाक मारली होती.

चौथ्या दिवशी अमृतनं स्वतःच्या नावानं चूक कबूल करणारी बातमी वेबसाइटवर लावली. संपादकांनी तासाभरात ती काढली, आणि त्यालाही. ज्ञानेश्वरीनं ती बातमी वाचून त्याच्या ऑफिसला फोन केला, तेव्हा तिला हे कळलं. तशीच रिक्षा करून ती सावेडीला त्या ऑफिसपाशी गेली. ऑफिसखाली चहाच्या टपरीपाशी तो बाकावर बसला होता.

"नोकरी घालवायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"मग हे शहाणपण आधी का नाही सुचलं?"

"आधी तुम्ही भेटला नव्हता."

ती लाल झाली. "असलं बोलू नका. मी चिडलेय."

"दिसतंय."

"काही दिसत नाही तुम्हाला. चार दिवस एसटीत येता-जाता तुमच्याशी भांडण पाठ करतेय. आणि आता तुम्ही समोर आलात तर अर्धं विसरले... त्याचाच राग जास्त येतोय."

तो हसला नाही. बाकावर सरकून त्यानं जागा केली.

"मी तुमचीच वाट बघत होतो," तो हळूच म्हणाला. "शिव्या द्यायला का होईना, तुम्ही याल म्हणून. तुम्ही मला आवडता, ज्ञानेश्वरी."

ती पर्स मांडीवर घेऊन त्याच्याशेजारी बसली.

"बाबा बोलले माझ्याशी," ती म्हणाली.

"बरं झालं... आणि उरलेलं अर्धं भांडण?"

"आठवेल तसं भांडेन." तिनं टपरीवाल्याला दोन बोटं दाखवून चहा सांगितला. "घाई कसली? सगळा जन्म पडलाय."